दप्तर कोणाच्या ताब्यात?

सोलापूर सोडून पुण्या-मुंबईस, हैदराबादेस किंवा त्याहून दूर स्थायिक झालेल्या, आणि तरीही गड्ड्याच्या यात्रेचे दिवस जवळ आले म्हणजे ज्यांचे चित्त गावाकडे धाव घेते अशा मंडळींसाठी एक स्वतंत्र संकेतस्थळ असावे, त्यावर प्रत्येकाने आपली नोंद करावी, परस्परांची विचारपूस करावी, सोयरीक, नोकरी, भाड्याची खोली यांविषयीच्या वार्ता द्याव्यात, ही कल्पना आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत निघाली तेव्हा तिला विरोध असा कोणी केलाच नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. परंतु त्यात 1024 जणांपलीकडे कोणी मावत नाही, आणि सुप्रभातांच्या पुरात कामाची वार्ता वाहून जाते ती निराळीच. मतभेद झाला तो सॉफ्टवेअर कोणते घ्यावे या प्रश्नावर. आणि चिटणीस या नात्याने त्या प्रकरणाचे सर्व कागद माझ्यापाशी असल्याने, असाच उद्योग आरंभू पाहणाऱ्या संस्थांच्या उपयोगी पडेल तेवढा भाग येथे मांडतो.

बहुमताने पत्करला गेला तो सर्वांत सुलभ मार्ग, म्हणजे एका कंपनीचे तयार व्यासपीठ वार्षिक वर्गणी भरून वापरण्याचा. रंगरूप देखणे होते, सभासदही उत्साहाने येऊ लागले. पुढे कंपनीने दर वाढविले, खजिनदारांनी हात टेकले आणि आमचे दप्तर आम्हांस परत द्यावे असा अर्ज आम्ही केला, तेव्हा हाती आला तो केवळ नावांचा आणि ईमेल पत्त्यांचा एक तक्ता. छायाचित्रे, संभाषणे, कोण कोणाशी जोडला गेला आहे याच्या नोंदी, म्हणजे ज्यासाठी हा सारा खटाटोप केला ते सर्व तेथेच राहिले. करारनाम्यात तसे कलम होतेच.

हे आमच्याच नशिबी आले असेही नव्हे. मार्क अँड्रीसन आणि जीना बियांकिनी यांच्या ‘निंग’वर ज्यांनी विनामूल्य जाळी उभारली होती त्यांस 2010 साली पैसे भरा अथवा बिऱ्हाड हलवा असे सांगण्यात आले. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले, गुगल प्लस एप्रिल 2019 मध्ये मिटले. गुगलने निदान आपापले बाड उचलून नेण्याची सवलत दिली होती. मायस्पेसने मात्र 2019 साली, सर्व्हर हलविताना वापरकर्त्यांनी वर्षानुवर्षे चढविलेले संगीत नष्ट झाल्याची कबुली दिली.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डला लावलेल्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून उतरते; माग एक वेळ दुसऱ्याचा असला तरी चालेल, पुठ्ठ्यांची माळ आपल्या ताब्यात असली पाहिजे. म्हणून विक्रेता सोयींची यादी वाचू लागला की त्यास मध्येच थांबवून, आम्ही उद्या निघालो तर आमच्याबरोबर काय काय येईल, हा प्रश्न प्रथम विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

ज्याचा मूळ कोड खुला आहे ते सॉफ्टवेअर घेतल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण दप्तर आपण घेतलेल्या सर्व्हरवरच राहते. त्यात निवड पुष्कळ आहे. एल्ग 2004 पासूनचे आहे आणि अशाच कामासाठी घडविलेले आहे. हमहब संस्थांच्या अंतर्गत गटांस सोयीचे पडते. मॅस्टोडॉन उघड्या चव्हाट्यावरील संभाषणास उत्तम, परंतु बंदिस्त सभासदवर्गासाठी त्याची घडण नाही आणि त्यास सर्व्हरही भारी लागतो. वर्डप्रेसला जोडून चालणारे बडीप्रेस यांतले सर्वांत गुणवान आहे असे मी म्हणणार नाही. तथापि वर्डप्रेस जाणणारा तरुण सोलापुरात सहज सापडतो, आणि रात्री संकेतस्थळ बंद पडले असता गुणवत्तेपेक्षा त्या तरुणाचा दूरध्वनी क्रमांक अधिक उपयोगी पडतो.

खरी कसोटी भाषेची. या गावात मराठीच्या जोडीने तेलुगू, कन्नड आणि उर्दू नांदतात. उर्दू उजवीकडून डावीकडे वाहते, आणि पुष्कळशी देखणी आवरणे तिथेच कोलमडतात. देवनागरीच्या अडचणी याहून सूक्ष्म आहेत. वर्डप्रेस नोंदणीनाव देवनागरीत स्वीकारत नाही. दर्शनी नाव तेवढे मराठीत ठेवता येते, आणि ही गोष्ट वयस्क सभासदांस आधीच समजावून द्यावी लागते. लेखाच्या पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हास नऊ रोमन चिन्हांची जागा लागते आणि एकंदर मर्यादा 200 चिन्हांची, त्यामुळे लांब मराठी मथळ्याचा पत्ता बाविसाव्या चिन्हाशी छाटला जातो. मजकूर ज्यात साठतो त्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या जुन्या यूटीएफ-8 प्रकारात एका चिन्हास तीनच बाइट मिळतात. देवनागरीस तेवढे पुरतात, इमोजीस चार हवे असतात, आणि म्हणून आजींनी लिहिलेला मोठा मजकूर सुरळीत जाऊन शेवटच्या जोडलेल्या हातांपाशी अडतो. डेटाबेस आरंभीच यूटीएफ8एमबी4 प्रकारचा मागून घेतल्यास ही पीडा टळते. मंडळाची जुनी सभासदयादी युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली असेल, तर तिचे रूपांतर करून प्रत्येक नाव, विशेषतः रफार आणि जोडाक्षरे, डोळ्यांखालून घालण्यास माणूस नेमावा. हे काम यंत्रावर सर्वस्वी सोपवू नये.

कायद्याचे थोडक्यात. 2021 च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार-निवारण अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागते, तेव्हा आक्षेपार्ह मजकुराची तक्रार नोंदविण्याची आणि तो तत्काळ उतरविण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही ते पाहावे. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांची संमती मागतो. आम्ही अल्पवयीनांस प्रवेशच ठेवला नाही. डोमेन कोणा उत्साही सभासदाच्या वैयक्तिक नावे नोंदवू नये, मग तो कितीही विश्वासू असो. माणसे परगावी जातात, रुसतात, आणि नूतनीकरणाची सूचना त्यांच्याच पेटीत पडून राहते.

दप्तराची प्रत घेतो असे प्रत्येक जण सांगतो. ती प्रत दुसऱ्या, कोऱ्या यंत्रावर उतरवून संकेतस्थळ पुन्हा उभे करून दाखवा, असा आग्रह धरावा, आणि देयकाचा अखेरचा हप्ता ते झाल्यावाचून देऊ नये. आमच्या नव्या करारनाम्यात हे कलम आमच्या खजिनदारांनी घातले. त्यांचा संगणकाशी संबंध वीजबिल भरण्यापुरताच आहे.