ध्रुवीय हिम, चढता समुद्र आणि खाजन शेतीचा हिशेब

ग्रीनलंड व अंटार्क्टिका हे प्रदेश गोव्यापासून हजारो किलोमीटर दूर आहेत. तथापि तेथील हिम वितळले म्हणजे त्या पाण्याचा भार मांडवी-जुवारीच्या काठच्या बांधांवरही पडतो. या भाराचा आर्थिक अर्थ काय आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी येतो, हे शेतकरी, शिक्षक व ग्रामपंचायती या सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

पातळी का वाढते?

समुद्रावर तरंगणारे हिम आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूस सारत असते. त्यामुळे ते वितळल्याने पातळीत फारसा फरक पडत नाही. जमिनीवरील हिम मात्र समुद्रात आले की पाण्यात नवी भर पडते. हे वर्गात सहज दाखविता येईल. दोन पेल्यांत पाणी घ्यावे. एका पेल्यात बर्फाचा खडा तरंगत सोडावा, दुसऱ्यावर चाळणी ठेवून तीत खडा ठेवावा आणि दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करावी. बर्फ वितळल्यावर पहिल्या पेल्यातील पाणी खुणेपाशीच राहते, दुसऱ्यातील खुणेच्या वर चढते.

ध्रुवीय हिमाबरोबरच डोंगरांवरील हिमनद्याही वितळत आहेत, आणि तापलेले सागरजल प्रसरण पावत आहे. या सर्व कारणांनी १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. १९०१ ते १९७१ या काळात वाढीचा वार्षिक वेग सुमारे १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटर झाला.

खाजनांवरील परिणाम

गोव्यातील खाजन जमिनी खाडीच्या भरतीच्या पातळीखाली आहेत. चिखल, पेंढा, बांबू आणि दगड यांचे बांध घालून पूर्वजांनी त्या खाऱ्या पाण्यापासून सोडविल्या. बांधातील मानस हे या व्यवस्थेचे मर्म होय. भरतीच्या दाबाने तिच्या लाकडी झडपा मिटतात. ओहोटीच्या वेळी त्या उघडतात व आतील पाणी खाडीत निघून जाते.

समुद्राची पातळी वाढली की ओहोटीचे पाणीही पूर्वीइतके खाली उतरत नाही. साहजिकच मानस उघडी राहण्याचा अवधी कमी होतो व पावसाचे पाणी शेतात तुंबते. म्हणजे बांध न फुटताही नुकसान होऊ लागते. बांध फुटला तर एका हंगामाचे पीक जातेच, शिवाय मातीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढील पीकही धोक्यात येते. कोरगुटसारखे भात काही प्रमाणात क्षार सोसते, परंतु त्यालाही मर्यादा आहे. विहिरी मचूळ होतात, मजुरी बुडते आणि मानशीवरील मासळीच्या पावणीचे उत्पन्नही घटते. बांध उंच करणे हा उपाय खरा. पण उंची वाढविली की पायाही रुंद करावा लागतो, आणि खर्च उंचीच्या मानाने अधिक वेगाने वाढतो.

खर्च आधी की नंतर?

बांधांच्या आश्रयाने समुद्राशेजारी नांदणारा दुसरा प्रदेश म्हणजे नेदरलंड्स. १९५३ च्या फेब्रुवारीत वादळी लाटांनी तेथील बांध फुटले आणि १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या देशाने धरणे व समुद्रद्वारे यांची मोठी योजना हाती घेतली. तिचे अखेरचे मोठे द्वार १९९७ मध्ये पुरे झाले. खर्च प्रचंड झाला, आणि त्याची निकड पटण्यास आपत्ती यावी लागली.

खाजनांची व्यवस्था पूर्वी गावकरी पाहात असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांच्या देखभालीची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. जेथे ही जबाबदारी कोणीच उचलत नाही, तेथे लहान भोकाचे भगदाड होते. बांधाची किरकोळ डागडुजी थोड्या मजुरीत होते; भगदाड बुजविण्यास सरकारी निधी, यंत्रसामग्री आणि काळ लागतो, आणि तोवर शेत पडीक राहते. चढत्या समुद्राने या दोन खर्चांतील अंतर वाढविले आहे.

म्हणून पावसाळ्यापूर्वी बांधाची पाहणी व्हावी, मानशीच्या झडपा वेळीच बदलाव्यात आणि मासळीच्या लोभाने त्या भरतीत उघड्या ठेवू नयेत. बांधाबाहेरील खारफुटी लाटांचा जोर मोडते, ती राखावी. मोठ्या भरतीच्या वेळी पाणी बांधावर कोठवर चढले, याची नोंद शाळेने वा पंचायतीने दरवर्षी एकाच खुणेवरून ठेवावी. बांध किती उंच करावा, हे ठरविताना अशी नोंद उपयोगी पडते. ध्रुवावरील हिम थोपविणे एका गावाच्या हाती नाही; आपला बांध राखणे मात्र आहे.