संमेलनाचे पाहुणे आणि यजमान गाव

आपल्या कोल्हापुरास परिषदा व संमेलने नवी नाहीत. १९३२ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले. १९९२ साली रमेश मंत्री अध्यक्ष असता ते पुन्हा येथेच भरले. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यापासून तर विद्वानांच्या सभा वरचेवर होत असतात. अशा प्रसंगी मांडव, भाषणे व भोजन यांचा विचार पुष्कळ होतो. पाहुणे कोणत्या वाहनाने येतात आणि त्यांच्या येण्याने गावाच्या पदरात काय पडते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. तोच प्रश्न आम्ही येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक सोपे गणित करू. मुंबईहून तीनशे प्रतिनिधी कोल्हापुरास यावयाचे आहेत असे समजा. एका मोटारीत तिघे बसले तर शंभर मोटारी लागतील. रस्त्याने अंतर सुमारे ३७५ किलोमीटर. एका लिटर पेट्रोलमध्ये मोटार १५ किलोमीटर धावते असे धरल्यास प्रत्येक मोटारीस २५ लिटर, म्हणजे सर्वांस मिळून २,५०० लिटर पेट्रोल लागेल. आणि हे केवळ येण्याचे झाले. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे २.३ किलोग्रॅम कर्बद्विप्राणिद वायू, ज्यास आता कार्बन डायऑक्साइड म्हणतात, हवेत मिसळतो. गुणाकार मुलांनी स्वतः करावा. उत्तर पावणेसहा हजार किलोग्रॅम येईल. पेट्रोलचा भाव लिटरला १०० रुपये धरला तर अडीच लाख रुपये वाटेतच जळाले, व त्यांतील फारच थोडे कोल्हापुरात थांबले.

आता हेच तीनशे जण रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले, तर निजण्याच्या ७२ जागा असलेले चार डबे भरून बाराच पाहुणे उरतात. रेल्वेस इंधन लागत नाही असे नव्हे. परंतु ती गाडी रोज धावतेच, आणि दर माणशी पडणारा तिचा भार मोटारीच्या मानाने पुष्कळच थोडा असतो. विमानाचा भार या तिन्हींत सर्वांत अधिक.

या रेल्वेचे आपल्या गावावर जुने उपकार आहेत. मिरज ते कोल्हापूर हा फाटा १८९१ साली सुरू झाला. पुढे चारच वर्षांनी, १८९५ साली, शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसविली. ज्या लोहमार्गाने पाहुणा येतो त्याच मार्गाने आपला गूळ देशभर गेला.

यजमान गावाचे हित आधी पाहून भरविलेल्या सभेचे एक थोर उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन खानदेशातील फैजपूर या खेड्यात भरले. तोवर अशी अधिवेशने शहरांतूनच भरत. सभा खेड्यात न्यावी हा महात्मा गांधींचा आग्रह. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व तशाच साध्या, त्या भागात मिळणाऱ्या सामानातून तेथील नगर सजविले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक बैल जोडलेल्या रथातून निघाली, आणि खादी व ग्रामोद्योग यांचे प्रदर्शन मांडण्यात आले. अर्थात एवढा जनसमुदाय लहान गावात लोटला की पाण्याची व स्वच्छतेची ओढाताण व्हावयाचीच. केवळ खेड्यात मांडव घातल्याने खेड्याचे भले होते असे मानणे भाबडेपणाचे होईल. सामान कोणाचे आणि मजुरी कोणाच्या हाती, हे पाहिले गेले, यातच फैजपूरचे वैशिष्ट्य आम्हांस दिसते.

आपल्याकडे काय चालते? सत्कारातील शाल बहुधा परगावची आणि नारळ कोकणचा. प्रतिनिधींच्या हाती पडणारी पिशवी कोठून येते ते देव जाणे. वस्तुतः इचलकरंजीचे माग हाकेच्या अंतरावर आहेत. सभा उठल्यावर खुर्च्यांखाली अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्यांची रास पडलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. भरलेला माठ व धुतलेले पेले ठेवण्यास कोणता खर्च येतो?

चपलांविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. खरी कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली असते. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या नावे तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही पाहुणा घाईघाईने नकली वस्तू घेऊन जातो, व कारागिराच्या हाती काहीच लागत नाही. २०२५ साली मिलान शहरी एका प्रख्यात पेढीने याच घाटाच्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा आपण सारे रागावलो. तो राग योग्यच होता. पण दारी आलेल्या पाहुण्यास कापशीची चप्पल कशी ओळखावी हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

म्हणून आमची सूचना अशी आहे. पुढील परिषदेच्या वेळी आमंत्रणपत्रिकेतच रेल्वेची वेळ छापावी, आणि सभेचे कामकाज गाडीच्या वेळेशी जुळवून घ्यावे. थंडीचे दिवस असल्यास पाहुण्यांस एक दिवस अधिक ठेवून घ्यावे व एस. टी. ने एखाद्या चालू गुऱ्हाळावर न्यावे. नववी-दहावीच्या मुलांनी स्थानकावर उभे राहून त्यांस के. एम. टी. ची बस व चप्पल लाइनची वाट दाखवावी. महालक्ष्मी सकाळी येते. तेव्हा त्या दिवशी मुलांस लवकर उठविण्याचे काम पालकांकडे राहील.