योबेल वर्ष आणि गरीब देशांचे कर्ज

वाचन: लेवीय 25:8-17, अनुवाद 15:1-11



2025 चे ज्युबिली वर्ष आपण साजरे केले. पवित्र द्वार, यात्रा, पापक्षमा ह्यांविषयी पुष्कळ ऐकले. परंतु हे वर्ष 2024 मध्ये जाहीर करताना पोप फ्रान्सिस ह्यांनी श्रीमंत राष्ट्रांना केलेल्या एका विनंतीकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. जे देश कर्ज कधीही फेडू शकणार नाहीत, त्यांचे कर्ज माफ करावे, अशी ती विनंती होती. हा औदार्याचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे, असा त्यांचा आग्रह होता.

लेवीयच्या 25 व्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम आहे. सात वेळा सात वर्षे भरली की 50 व्या वर्षी कर्णा वाजवायचा, विकलेली जमीन मूळ कुटुंबाला परत करायची, दास्यात गेलेल्या बांधवाला मोकळे करायचे. हे वाचताना आपल्या मनात दया येते. त्यातला व्यवहार मात्र नजरेतून सुटतो. पुढच्या योबेलला किती वर्षे उरली आहेत त्यावरून जमिनीची किंमत ठरत असे. म्हणजे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही मुदत अगोदरच ठाऊक. कोणी कोणाच्या पाया पडायचे कारण नव्हते.

राष्ट्रांसाठी अशी मुदत नाही आणि न्यायालयही नाही. कंपनी बुडाली तर दिवाळखोरीचा कायदा आहे. देश बुडाला तर एकेका सावकाराचे दार ठोठवावे लागते. आफ्रिकेतील झांबियाचे उदाहरण घ्या. हा देश तांब्यावर जगतो. 1970 च्या दशकात तांब्याचे भाव पडले आणि कर्ज वाढत गेले. पुढे सरकारी दवाखान्यांतही फी द्यावी लागू लागली. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 2000 च्या ज्युबिलीनिमित्त कर्जमाफीचे आवाहन केले. 1998 मध्ये बर्मिंगहॅम येथे श्रीमंत देशांचे नेते जमले, तेव्हा सुमारे 70,000 लोकांनी त्यासाठी मानवी साखळी केली. लुसाकातील जेज्विट धर्मगुरूंचे अभ्यासकेंद्रही ह्या कामात होते. अखेर 2005-06 मध्ये झांबिया सरकारचे सुमारे 7 अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज एक अब्जाच्या खाली आले. एप्रिल 2006 पासून खेड्यांतील दवाखान्यांतली फी बंद झाली.

पण नियम मात्र जुनेच राहिले. 2012 ते 2015 मध्ये झांबियाने रोख्यांतून 3 अब्ज डॉलर उचलले, शिवाय रस्त्यांसाठी चीनकडून कर्जे घेतली. त्यात उधळपट्टीही झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये हप्ता थकला. मग चीन, फ्रान्स आणि इतर सावकार देश एका मेजावर बसून 6.3 अब्ज डॉलरच्या परतफेडीची मुदत वाढवायला तयार होईपर्यंत जून 2023 उजाडला. त्या वर्षी जी-20 चे अध्यक्षपद आपल्या देशाकडे होते. खाजगी रोखेधारक तर 2024 मध्ये राजी झाले.

राष्ट्रांच्या दिवाळखोरीसाठी नियम करावा, असा प्रस्ताव 2001 मध्ये खुद्द आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या उपप्रमुख अॅन क्रूगर ह्यांनी मांडला होता. 2003 मध्ये तो बारगळला. निधीचा करार बदलायला 85 टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून अधिक आहेत, आणि तिचा विरोध होता. भारताची मते तीन टक्केही नाहीत. (1991 मध्ये सुमारे 47 टन सोने परदेशी गहाण ठेवणाऱ्या आपल्या देशाला ह्या दारांची ओळख आहेच.)

अशा नियमावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: माफी ठरलेली असेल, तर गरिबाला कर्ज देणार कोण? आक्षेप पोकळ नाही. अनुवाद 15:9 मध्ये मोशे नेमका हाच धोका ओळखतो. सातवे वर्ष जवळ आले म्हणून हात आखडू नका, असे तो बजावतो.

येत्या समूहसभेत हे वचन वाचून एवढ्यावर बोलावे: सावकाराची ही भीती ठाऊक असूनही मोशेने माफीचा नियम का ठेवला?