अवधानन्यूनता आणि गटाचा आधार

बंगळूर शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळी हे जुने गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि चकोत्याचे फळ यांसाठी ते प्रसिद्ध आहे. २००८ साली त्याच्यानजीक नवा विमानतळ सुरू झाला आणि परिसरातील अनेकांचे जीवन घड्याळाशी बांधले गेले. तेथे पाळीने काम करणाऱ्या एखाद्या तिशीतल्या माणसाची कल्पना करावी. काम त्यास उत्तम येते. परंतु बस चुकते, अर्धवट भरलेले अर्ज खणात पडून राहतात, पैसे असूनही विजेचे बिल थकते. घरचे त्यास आळशी म्हणतात, आणि हळूहळू त्यालाही ते खरे वाटू लागते.

हा आळस नसून अवधानन्यूनता व अतिचंचलतेचा विकार, म्हणजेच एडीएचडी, असू शकतो. मुलांमधील अशा लक्षणांचे वर्णन ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली केले. वय वाढले की हा विकार ओसरतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुष्कळांच्या बाबतीत तो प्रौढपणीही टिकून राहतो, हे आता मान्य झाले आहे.

काय करावे हे अशा व्यक्तीस ठाऊक असते. नेमक्या वेळी ते हातून घडत नाही, हीच खरी अडचण होय. यास्तव नुसत्या उपदेशाचा उपयोग होत नाही. गट-मार्गदर्शनात काही समदुःखी प्रौढ ठरावीक दिवशी एकत्र येतात. प्रत्येक जण एकच काम निवडतो आणि त्याची पहिली लहान पायरी ठरवतो. ‘बिल लवकर भरीन’ या संकल्पाऐवजी ‘पगाराच्या दिवशी, चहा होताच, जागेवरून उठण्यापूर्वी बिल भरीन’ असे तो सर्वांसमक्ष सांगतो. पुढील बैठकीत त्याची विचारपूस होते. काम झाले नसेल तर दोष दिला जात नाही. साखळी कोठे तुटली, ते शोधले जाते. आपल्यासारखे इतरही आहेत, हे उमगताच लाजेचे ओझे हलके होते.

तथापि सहानुभूती पुरेशी नसते. अमेरिकेतील मेरी सोलँटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ८८ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना बारा आठवडे गटात नियोजनाची कौशल्ये शिकविण्यात आली. इतरांच्या गटात केवळ परस्परांना धीर देण्यावर भर होता. पहिल्या गटांत अवधानाच्या तक्रारी अधिक कमी झाल्या. हे गट मानसोपचाराचे होते, मार्गदर्शनाचे नव्हेत. परंतु त्यांतून मिळणारा धडा मार्गदर्शकासही लागू पडतो.

मार्गदर्शक हा वैद्य नव्हे. अपुरी झोप आणि नैराश्य यांमुळेही अवधान ढळते. रात्रपाळी करणाऱ्याने हे विशेष ध्यानी घ्यावे. म्हणून प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडून निदान करून घेणे इष्ट. बंगळुरातच १९७४ साली स्थापन झालेली ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था आहे. निदानानंतर, गरज असल्यास औषधोपचारासह, गटाचा आधार घ्यावा. गट कोणाचे काम करून देत नाही. ठरविलेले काम विसरले जाऊ नये, एवढी सोय तो करतो.