फोटोतल्या माशीचं नाव सांगण्याआधी

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला पऱ्हाटीच्या शेंड्याचा फोटो पाठवला. शेंडा पिठ्या ढेकणाने पांढरा झालेला, त्यावर बारीक काळे किडे. खाली लिहिलं होतं, ‘फवारा मारून टाकला न भाऊ.’ हाच फोटो त्याने आधी एका दुकानात दाखवला होता. तिथे काळ्या किड्यांना ‘नवीन कीड’ ठरवून औषध हाती दिलं गेलं. फवाऱ्याने काळे किडे मेले. पिठ्या ढेकूण मेणचट आवरणाखाली शाबूत राहिला आणि पुढच्या ओळींत पसरला.

फोटो मोठा करून पाहिला, तर त्या पांढऱ्या गर्दीत काही ढेकूण तांबूस-तपकिरी, टणक आणि फुगीर दिसले. एकाच्या अंगाला वाटोळं भोक होतं. परजीवी माशी ढेकणाला आतून खाऊन तिथूनच बाहेर पडली होती. काळे किडे म्हणजे याच माश्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या.

कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाला आवर घालणारी आपल्याकडची मुख्य माशी एनॅसियस. २००९ मध्ये अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी शास्त्रज्ञ बंबावाले यांच्या नावावरून तिला ‘एनॅसियस बंबावालेई’ म्हटलं. पुढे ती अमेरिकेत आधीच नोंदलेली ‘ॲरिझोनेन्सिस’ निघाली. जाणकारांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ही गत, तर मोबाइलच्या फोटोची काय कथा! शेतात लावायच्या ट्रायकोकार्डातली परजीवी माशी ट्रायकोग्रामा तर अर्ध्या मिलिमीटरची. तिच्या जाती नराच्या जननेंद्रियांवरून ओळखाव्या लागतात, हे सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७० च्या आसपास दाखवून दिलं. ते कोणत्याही फोनला दिसायचं नाही.

म्हणून फोटो काढताना माशीच्या मागे धावू नका. आधी ती ज्यावर बसली ते टिपा: ढेकूण, अंडी, अळी, पानाची खालची बाजू. शेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे आकार कळेल. माशी वरून आणि बाजूने, दोन्हीकडून घ्या. मिशा आणि पंख स्पष्ट आले पाहिजेत.

तपकिरी झालेले ढेकूण काचेच्या नळीत ठेवून तोंडाला कापसाचा बोळा लावा. नळी सावलीत ठेवा. माशी निघाली तरी लगेच ‘मित्रकीटक’ म्हणून मोकळे होऊ नका. एनॅसियसवरच जगणारी दुसरी परजीवी माशीही त्याच ढेकणातून निघते. निघालेल्या माश्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. आत गाव, तारीख, पीक आणि कशातून निघाल्या हे लिहिलेली चिठ्ठी टाका. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई विरघळते. मग कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे विचारा.

तोवर पंप खाली ठेवा. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक माणसं दगावली. इथे एक वायफळ फवारणीही स्वस्त नाही. जातीचं नाव यायला वेळ लागेल, पण फवारायचं की थांबायचं हे ठरवायला ते लागत नाही. शेंड्यावरचे तपकिरी आणि भोक पडलेले ढेकूण मोजा. ते वाढत असतील, तर वावरात काम चालू आहे. त्यात हात घालू नका.