चित्रकार रँडॉल्फ कॉल्डेकॉट

रँडॉल्फ कॉल्डेकॉट यांचा जन्म इंग्लंडमधील चेस्टर येथे २२ मार्च १८४६ रोजी झाला. बालपणीच्या दुखण्याने त्यांची प्रकृती कायमची अधू झाली. पंधराव्या वर्षी ते बँकेत कारकून झाले. परंतु मनाचा ओढा चित्रकलेकडे होता. फावल्या वेळी ते आसपासच्या खेड्यांत हिंडून गुरे, घोडे, बाजार यांची रेखाटने करीत. १८७२ साली नोकरी सोडून ते लंडनला गेले. लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करण्यात निष्णात असलेले मुद्रक एडमंड इव्हान्स यांच्या सहकार्याने १८७८ पासून त्यांनी मुलांसाठी दरवर्षी दोन, अशी एकूण सोळा चित्रपुस्तके सिद्ध केली.

शब्दांत जे नाही ते त्यांचे चित्र सांगते. ‘हे डिडल डिडल’ हे बडबडगीत बशी व चमचा पळून जातात तेथे संपते. कॉल्डेकॉट यांनी पुढे आणखी एक चित्र काढले : बशीचे तुकडे झाले आहेत आणि सुरी व काटा चमच्याला घेऊन चालले आहेत. हा भाग गीतात नाही. तो मुलाने चित्रावरून ओळखावयाचा.

अनावश्यक ते वगळणे हेही एक शास्त्र मानून ते मोजक्या रेषांत काम भागवीत. प्रकृतीस्तव अमेरिकेस गेले असता १२ फेब्रुवारी १८८६ रोजी, चाळिशीपूर्वीच, फ्लॉरिडात त्यांचे निधन झाले. १९३८ पासून अमेरिकेत उत्कृष्ट बालचित्रपुस्तकाच्या चित्रकारास त्यांच्या नावाचे पदक दिले जाते.

फळ्यावर चित्र काढताना शिक्षकांनी हेच तत्त्व ध्यानी धरावे. खडूच्या चार रेषांत बैल उभा करावा; तो कोठे निघाला आहे, हे मात्र मुलांनाच सांगू द्यावे.