आग लागण्यापूर्वी



आपल्या इंदूरच्या राजवाड्यासमोर उभे राहून मान वर केली म्हणजे दिसते की, या सातमजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडी असून वरचे चार लाकडी आहेत. होळकरांच्या या वाड्याने अग्नीचा प्रकोप तीनदा सोसला: १८०१ साली सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने शहर लुटले तेव्हा, पुढे १९०८ साली, आणि त्यानंतर १९८४ च्या दंगलीत. युद्ध आणि दंगल आपल्या हाती नसतात. परंतु कित्येक आगी कोणी शत्रू लावीत नाही. त्या आपणच, मनात काही वाईट नसता, लावतो.

हे आम्हांला स्वानुभवाने कळले. आमच्या घरच्या कोंकणी बोलीत विस्तवाला 'उजो' म्हणतात. अंगणातला पातेरा झाडून त्याला उजो लावणे ही आमच्या गावची नित्याची गोष्ट. तीच सवय घेऊन आम्ही माळव्यात आलो. चैत्रातील एका दुपारी परसात कडुनिंबाच्या पानांचा ढीग पेटविला आणि पाठ फिरविली. माळव्याचा वारा किती कोरडा असतो याचा आम्हांस विसर पडला. ठिणगी उडून शेजारच्यांच्या सरपणाच्या खोपटावर पडली. तिथल्या आजींनी हाका मारल्या, आळीतील मुलांनी बादल्या आणल्या, आणि बंब येण्याच्या आत आग विझली. कोणास इजा झाली नाही. परंतु खोपटाला लागून असलेल्या खोलीत त्या घरचे तान्हे मूल पाळण्यात निजले होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू. यांतील एक काढून घेतली की आग विझते. पाण्याने उष्णता जाते. वाळूने किंवा झाकणाने प्राणवायू तुटतो. म्हणूनच कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते. शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे.

आग आवाक्याबाहेर जात आहे असे दिसताच प्रथम माणसे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे. पूर्ण पत्ता, जवळची खूण, काय जळत आहे, आत कोणी अडकले आहे काय, हे शांतपणे सांगावे. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण खरी ठरते ती पुष्कळदा आपल्याच चुकीने. पत्ता अर्धवट सांगितलेला असतो, किंवा अरुंद गल्लीत वाहने आडवी लावलेली असतात.

या दलातील माणसांचे मोल काय आहे, हे १४ एप्रिल १९४४ या दिवसाने दाखविले. मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती. आग विझविताना स्फोट झाले आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. बागेतील पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवावा, असे त्यांत सांगितले होते. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने असा कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. शेतातील गव्हाची नरवाई जाळण्यासही मध्य प्रदेशात बंदी आहे. कारण उघड आहे: वारा कोणाचे ऐकत नाही, आणि धूर प्रथम म्हाताऱ्यांच्या व बालकांच्या छातीत शिरतो. पाने कुजविली तर उत्तम खत होते. होळी पेटवावयाचीच, तर ती विजेच्या तारांपासून दूर असावी, पाणी व वाळू जवळ असावी, आणि राख थंड होईपर्यंत एका तरी जाणत्या माणसाने तेथे थांबावे.

मित्रहो, आमच्या परसात आता आगपेटीची जागा खताच्या खड्ड्याने घेतली आहे. शेजारचे ते मूल आता शाळेत जाऊ लागले असून, पाने गोळा करून खड्ड्यात टाकण्याचे काम ते मोठ्या हौसेने करते.